मुखवट्यामागे कोण?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही १९३० ते १९५० या काळातल्या मुखवटाधारी नायकांची ओळख करून दिली होती. थिएटरात दर आठवड्याला एकेक भाग दाखवल्या जाणाऱ्या अमेरिकन सिरीयल, तिकडची रेडिओ नाटकं आणि आपल्याकडचे वाडिया बंधूंचे स्टंटपट, असा तो मामला होता. त्यावर पत्रं बरीच आली. ज्यांत नेमकं काही विचारलंय ती इथे घेतली आहेत.

प्रश्न : १९४० सालची ‘द ग्रीन हॉर्नेट’ ही सिरीयल इंटरनेटवर पाहिली. नायक ब्रिट रीड ऑफिसात बोलतो तेव्हा एक आवाज, आणि मुखवटा चढवला की भलताच. प्रिंटचा दोष, की मुद्दाम केलंय? — एक वाचक, परळ

उत्तर : मुद्दाम केलंय. पडद्यावरचा माणूस गॉर्डन जोन्स. पण मुखवटा चढला की आवाज अल हॉज याचा. ‘ग्रीन हॉर्नेट’ मुळात रेडिओवरचं पात्र. डेट्रॉइटच्या डब्ल्यूएक्सवायझेड केंद्रावरून ३१ जानेवारी १९३६ रोजी हे नाटक सुरू झालं आणि हॉज हा त्यातला पहिला हॉर्नेट. सिरीयल येईपर्यंत चार वर्षं हा आवाज घराघरांत गेला होता. युनिव्हर्सल स्टुडिओने तोच उचलून जोन्सच्या अंगावर बसवला. मुखवट्यामुळे ओठ दिसत नाहीत, म्हणजे डबिंग जुळवायची कटकटही नाही. हेडफोन लावून ऐका : जोन्सच्या स्वतःच्या वाक्यांमागे सेटची घुमक असते, डब केलेलं वाक्य बहुधा कोरडं आणि माइकच्या अगदी जवळून आल्यासारखं वाटतं.

याहून मजेशीर प्रकार ‘द लोन रेंजर’ (रिपब्लिक स्टुडिओ, १९३८, १५ भाग) या सिरीयलमध्ये आहे. तिथे पाच रेंजरांपैकी मुखवट्याआड नेमका कोण, हेच कोडं आहे. खऱ्या नटाचा आवाज वापरला असता तर दुसऱ्याच भागात बिंग फुटलं असतं. म्हणून मुखवट्यातल्या माणसाला बिली ब्लेचरचा आवाज दिला, जो त्या पाचांपैकी कुणाचाच नव्हता. कोडं सोडवायला बसणार असाल तर आवाजावर विसंबू नका.

उलटा प्रकारही आहे. ‘झोरोज फायटिंग लीजन’ (१९३९) मध्ये झोरोचा आवाज नायक रीड हॅडलीचाच, आणि आवाज झकास आहे. हाच माणूस पुढे रेडिओवर ‘रेड रायडर’ झाला. मात्र घोड्यावरून झेप घेणारं, गाडीखाली लोंबकळणारं शरीर बऱ्याच ठिकाणी याकिमा कनट या स्टंटवाल्याचं. मुखवट्याला कथेत काहीही अर्थ द्या, स्टुडिओच्या हिशेबात ती सोय होती. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, उडी तिसऱ्याची, आणि प्रेक्षकाला शिवण दिसत नाही.

प्रश्न : प्रत्येक भागाच्या शेवटी नायक मरतो आणि पुढच्या भागात धडधाकट. आम्ही घरी वाद घालतो की ही लबाडी आहे. तुमचं काय मत? — एक कुटुंब, मुलुंड

उत्तर : कधी लबाडी, कधी नाही, आणि ते तपासता येतं. एका भागाची शेवटची दीड मिनिटं आणि पुढच्या भागाची पहिली दोन-तीन मिनिटं पाठोपाठ लावा. कट मोजा. गाडी कड्याकडे धावते, कड्यावरून कोसळते, खाली स्फोट. हे आदल्या भागात. पुढच्या भागात ‘गाडी धावते’ आणि ‘कोसळते’ यांच्यामध्ये एक नवा शॉट घुसवलेला सापडेल : दार उघडून नायक बाहेर लोळण घेतो. जेमतेम दोन-तीन सेकंदांचा, म्हणजे ४८ ते ७२ फ्रेमांचा. ही सरळ लबाडी. आदल्या भागात जे दिसलं तेच पुन्हा दाखवून, त्यानंतर नायक कसा निभावला हे दाखवलं असेल, म्हणजे छत कोसळलं पण तो टेबलाखाली होता, तर तो प्रामाणिक शेवट. आमच्या मते पहिल्या प्रकाराबद्दल फार चिडू नये. प्रेक्षक सात दिवसांनी येणार आणि रिवाइंडचं बटण कुणाकडेच नसणार, हे गृहीत धरूनच ते कापलेलं असे. चार भाग सलग पाहणाऱ्याचा त्यात विचारच नाही.

भागांची लांबीही पाहा. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, म्हणून १,००० फुटांचं रीळ सुमारे ११ मिनिटं चालतं. पहिला भाग मोठा, साधारण अर्ध्या तासाच्या आसपास. नंतरचे दोन रिळांचे. पुढे रिपब्लिकने काटकसर करत भाग १,२०० फुटांवर आणला, म्हणजे बरोबर १३ मिनिटं २० सेकंद. काही सिरीयलमध्ये एका भागात पात्रं नुसती बसून मागच्या घटना आठवतात आणि जुनेच तुकडे पुन्हा दिसतात. तिथे पैसे वाचवले आहेत, खुशाल पुढे ढकला.

प्रश्न : तसाच गाडी कोसळण्याचा शॉट कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी मोबाइलवर घ्यायचाय. खेळण्यातली गाडी वापरली तर खेळण्यासारखीच दिसते. काय चुकतंय? — एक विद्यार्थी, विलेपार्ले

उत्तर : वेग चुकतोय. लहान वस्तू लहान उंचीवरून पडते, म्हणून फार लवकर खाली येते. मॉडेल जितक्या पटींनी लहान, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि तितक्या पट फ्रेमरेट वाढवा. मॉडेल १/९ असेल तर वर्गमूळ ३, म्हणजे २४च्या तिप्पट ७२ फ्रेम. बाजारात मिळणारी १:२४ मापाची गाडी घेतलीत तर वर्गमूळ ४.९, गुणाकार येतो ११८. मोबाइलमधला १२० फ्रेमचा स्लो मोशन तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. एडिटिंगमध्ये तो २४ फ्रेमवर चालवा.

बाकी चुका नेहमीच्याच. गाडी हलकी असल्यामुळे दगडावर चेंडूसारखी उसळते. खालच्या बाजूला शिशाचे तुकडे किंवा नटबोल्ट चिकटवून वजन वाढवा. कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर धरू नका. मॉडेलमधल्या ड्रायव्हरच्या डोळ्याइतका खाली आणा. माती चाळणीतून, शक्यतो मैद्याच्या, गाळून घ्या, नाहीतर प्रत्येक खडा धोंड्याएवढा दिसतो. पाणी आणि आगीच्या नादी लागू नका, कारण पाण्याचा थेंब आणि ज्वाळेची जीभ लहान होत नाही. रिपब्लिकचे हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर हे बंधू याच कारणासाठी मॉडेलं जमतील तेवढी मोठी बनवत आणि स्टुडिओतल्या दिव्यांऐवजी बाहेर उन्हात चित्रित करत. तुम्हीही सकाळचं ऊन गाठा. एकच सूर्य, एकच सावली.

प्रश्न : ‘हंटरवाली’ म्हणजे अमेरिकन सिरीयलची नक्कल असं एकाने ठासून सांगितलं. खरं का? — एक वाचक, लालबाग

उत्तर : घराणं एक आहे, नक्कल म्हणणं धाडसाचं. झोरो हे पात्र जॉन्स्टन मॅकली यांनी १९१९ मध्ये लिहिलं, १९२० मध्ये डग्लस फेअरबँक्सने ते पडद्यावर आणलं. जे. बी. एच. वाडिया यांनी त्याच धर्तीवर १९३१ मध्ये ‘दिलेर डाकू’ हा मूकपट केला. ‘हंटरवाली’ आली १९३५ मध्ये, दिग्दर्शन होमी वाडियांचं. दिवसा राजकन्या माधुरी, एरवी मुखवटा आणि हातात हंटर, हा सांगाडा झोरोचाच. ग्रँट रोडच्या सुपर सिनेमाला ती २५ आठवडे चालली. आणि हे सगळं घडलं तुमच्या शेजारीच : परळच्या लवजी कॅसलमध्ये वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता, तोच पुढे १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांचं राजकमल कलामंदिर झाला.

आता फरक. हॉलिवूडने मुखवटा वापरला तो स्टंटवाला लपवायला. परळमध्ये लपवण्यासारखं काही नव्हतंच. ‘हंटरवाली’ची नायिका नादिया, मूळची पर्थची मेरी अॅन इव्हान्स, सर्कशीत काम करून आलेली. उड्या, मारामाऱ्या, माणसं खांद्यावर उचलणं, सगळं स्वतः करायची. लोक तिकीट काढत होते ते ‘ही बाई खरंच करते’ हे डोळ्यांनी पाहायला. मग तिचा चेहरा झाकून ठेवण्यात निर्मात्याचा तोटा! त्यामुळे आपल्याकडे मुखवटा कथेपुरता येतो, आणि भर मारामारीत कॅमेरा नादियाचा चेहरा शोधत असतो. ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) मध्ये धावत्या ट्रेनच्या टपावरची हाणामारी पाहा. तिथे मुखवट्याची गरजच पडत नाही.

रिपब्लिकला चाबूकवाली मुखवटाधारी नायिका सुचली ती १९४४ मध्ये, ‘झोरोज ब्लॅक व्हिप’मध्ये. नायिका लिंडा स्टर्लिंग, पण अवघड कामं बेब डीफ्रीस्ट या स्टंटवालीची. ‘हंटरवाली’नंतर तब्बल नऊ वर्षांनी, आणि तीही डुप्लिकेट घेऊन. नक्कलीचा आरोप करणाऱ्याला एवढं सांगून पाहा. (नावात झोरो असूनही त्या सिरीयलमध्ये झोरो नाही, हे जाता जाता.)

दोन्हीकडची एक युक्ती मात्र सारखी : मारामारी २४ऐवजी १८ फ्रेमने चित्रित करायची, की पडद्यावर ती सव्वापटीहून जास्त वेगाने पळते. ओळखायचं असेल तर हातांकडे बघू नका, कपड्यांच्या सोग्याकडे आणि उडालेल्या धुळीकडे बघा. धूळ चटकन खाली बसत असेल तर कॅमेरा सावकाश फिरवलाय.

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाला मुखवटाधारी नायकाची १५ मिनिटांची श्रुतिका करायची आहे. स्टुडिओचं भाडं परवडत नाही, एका सभासदाच्या दोन खोल्यांत रेकॉर्डिंग करणार आहोत. मुखवटा ऐकू कसा आणायचा? घोडा, हंटर, गोळीबार घरच्या घरी कसे करायचे? — नाट्यमंडळाचे कार्यकर्ते, गिरगाव

उत्तर : आधी मुखवटा. नटाच्या तोंडावर रुमाल बांधून आवाज बदलायला जाऊ नका. त, स, श, फ ही अक्षरं मरतात आणि श्रोत्याला वाटतं रेकॉर्डिंग बिघडलंय. जुन्या रेडिओवाल्यांचे तीन उपाय आजही चालतात.

पहिला, नटाने स्वतः पट्टी बदलायची. ‘सुपरमॅन’च्या रेडिओ मालिकेत बड कॉलियर एकाच वाक्याच्या मध्यावर आवाज खाली उतरवायचा आणि श्रोत्याला कळायचं की चश्मेवाला गेला, दुसरा आला. सोबत माइकचं अंतर बदला. एका बाजूने ऐकणारा माइक असेल तर १५ सेंटिमीटरच्या आत आल्यावर खर्ज आपोआप वाढतो. साधा माणूस ३० सेंटिमीटरवरून बोलेल, मुखवट्यातला १० वरून, पण माइकच्या थोडं बाजूला तोंड करून, नाहीतर प आणि भ फटफटतात. दुसरा, फिल्टर. ‘द शॅडो’ अदृश्य होऊन बोलायचा तेव्हा त्याचा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा केला जाई. एडिटिंगमध्ये ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३,४०० हर्ट्झच्या वरचं कापलंत की तो परिणाम मिळतो. मात्र सगळ्या संवादांना लावू नका, दोन मिनिटांत कान किटतात. तिसरा आणि आमच्या मते सर्वांत बिनचूक, ओळखीचा आवाज. हॉर्नेटला थेरेमिन या विजेवरच्या वाद्यावर काढलेली गांधीलमाशीची गुणगुण होती, लोन रेंजरला ‘विल्यम टेल’ या ऑपेराची धून. तुम्ही संबळाचा एखादा तुकडा घ्या, तीन-चार सेकंदांचा, आणि नायक येताना तोच, एरवी कधीही नाही. पहिल्या प्रवेशात दुसऱ्या पात्राच्या तोंडी ‘अहो, तोंडावर काय बांधलंय त्याने!’ असं एक वाक्य टाका. तेवढं पुरतं. प्रत्येक प्रवेशात मुखवट्याचं वर्णन करत बसलात तर श्रुतिकेचं कीर्तन होईल.

संहिता १,५०० ते १,७०० शब्दांवर थांबवा. मारामारी, पाठलाग आणि शांतता यांनाही वेळ लागतो, हे लिहिणारा हमखास विसरतो.

घोडा : सुक्या नारळाच्या दोन करवंट्या. बाहेरचा काथ्या खरवडून काढा, कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर खरखर येते. आत चिंधीचा बोळा कोंबून मुठीने घट्ट धरा. बोळा नसेल तर करवंटी भांड्यासारखी वाजते. रस्त्यासाठी शहाबादी फरशी, मातीसाठी परातीत दोन बोटं ओलसर रेती. चालणाऱ्या घोड्याचे चार सारखे ठोके, दौडीला चार मात्रांत तीन ठोके आणि चौथी मोकळी. तबला शिकलेल्या पोराला बसवा. लांबून येणारा घोडा हवा असेल तर आवाज कमी-जास्त करण्यापेक्षा परातच दुसऱ्या खोलीत न्या आणि दार हळूहळू उघडा.

हंटर : खऱ्या चाबकाचं टोक आवाजापेक्षा जास्त वेगाने जातं, म्हणून तो कडाडतो. खोलीत फिरवलात तर ट्यूबलाइट जाईल आणि माइकही फाटेल. वेताची छडी माइकपासून हातभर अंतरावर हवेत फिरवा आणि लगेच दोन चपट्या लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटा. पट्ट्यांना एका टोकाला बिजागरी लावली तर एका हाताने जमतं. सूं आणि फट् यांच्यात फार अंतर पडलं की दोन वेगळे आवाज वाटतात. हेच बसवायला वेळ लागतो.

गोळी : टिकल्यांचं पिस्तूल नको, ते पिस्तुलासारखं न वाटता दिवाळीसारखं वाटतं. रेक्झिनच्या गादीवर लाकडी फूटपट्टी सपाट मारा, माइक दीड मीटर लांब ठेवा आणि रेकॉर्डरचा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मोठा आवाज जवळून घेऊन मागाहून कमी केला तरी फाटलेलं नीट होत नाही.

गडगडाटाला पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्रा, साधारण दोन बाय चार फुटांचा; वरून टांगा, खालचा कोपरा धरून हळू हलवायला सुरुवात करा. जाड पत्रा घुमत नाही, नुसता आपटतो. आगीला वेफरची रिकामी पिशवी, हाड मोडायला गाजर. ठोशासाठी तळहातावर ओला नॅपकिन ठेवून त्यावर मूठ मारायची.

जागेचं म्हणाल तर बैठकीच्या खोलीपेक्षा गाद्या-कपाटांची आतली खोली बरी. पंखा, फ्रिज बंद. गिरगावात रात्री साडेअकरानंतर ते पहाटे कावळे सुरू होईपर्यंतचाच वेळ खरा. काहीही बोलण्याआधी रिकाम्या खोलीचं अर्धं मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. संवाद कापल्यावर मध्ये पडणारी भोकं त्यानेच बुजवायची. संहितेचे कागद स्टेपल करू नका. सुटी पानं हातात धरा आणि वाचून झालेलं पान न उलटता सतरंजीवर सोडून द्या. आणि आवाज संवादाच्या आधी येऊ द्या की नंतर? नंतर. ‘घोडा येतोय’ म्हणून पात्र ओरडलं आणि मग घोडा ऐकू आला, तर श्रोता कान टवकारतो. आधी घोडा वाजला आणि मग कुणी सांगितलं, की ते वाक्यच फुकट गेलं. संहितेच्या प्रती काढण्याआधी अशी दहा वाक्यं कापता येतात.

प्रश्न : परदेशातून ऑनलाइन ‘लोन रेंजर अॅटम बॉम्ब रिंग’ मागवली. अंधारात चमकते असं ऐकलं होतं, काहीच दिसत नाही. फसवलं का? — एक संग्राहक, दादर

उत्तर : चमकत नाही म्हणून खोटी, असं नाही. उलट अस्सल अंगठी आज चमकणारच नाही. १९४७ मध्ये किक्स या न्याहारीच्या धान्याच्या खोक्याचा तुकडा आणि १५ सेंट पाठवले की ही अंगठी घरी येत असे. बॉम्बच्या आकाराच्या तुकड्याचं लाल प्लास्टिकचं शेपूट काढायचं, अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत थांबायचं आणि आतल्या भिंगातून पाहायचं. आत पोलोनियम-२१० आणि झिंक सल्फाइडचा पडदा. पोलोनियममधून निघणारा कण पडद्यावर आदळला की ठिणगी दिसायची. पण पोलोनियम-२१०चं अर्धायुष्य १३८ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या दिवसांत ते निम्मंच उरतं. दहा अर्धायुष्यं, म्हणजे पावणेचार वर्षं उलटली की हजारावा हिस्साही उरत नाही. १९५१ सालीच तमाशा संपला होता, आता आत शिसं आहे. त्यामुळे घाबरण्याचंही कारण नाही.

विक्रेता ‘अजून चमकते’ म्हणून जास्त पैसे मागत असेल तर सावध व्हा.  पाहायचं ते हे : शेपूट मूळचं आहे का, सहज निघतं-बसतं का, भिंग तडकलंय का. ब्रासो लावू नका. मऊ सुक्या कापडाने पुसा आणि मुंबईच्या दमटपणासाठी डबीत सिलिका जेलची पुडी टाका.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडला वितरणाच्या धंद्यात असलेल्या आजोबांच्या सामानात फिल्मचे सहा डबे निघाले. एकाला आंबूस वास येतोय. जुना स्टंटपट असेल का? लावून कसा पाहायचा? — एक वाचक, ताडदेव

उत्तर : लावू नका. आधी रुंदी मोजा. १६ मिमी असेल तर ती सेफ्टी फिल्म, पेट घेण्याची भीती नाही. ३५ मिमी आणि १९५१च्या आधीची असेल तर नायट्रेट, म्हणजे चटकन पेट घेणारी जुनी फिल्म, असू शकते. कडेला छापलेली अक्षरं भिंगाने वाचा, तिथे बहुधा ‘सेफ्टी’ किंवा ‘नायट्रेट’ लिहिलेलं असतं. तुकडा जाळून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा. नायट्रेट स्वतःचा प्राणवायू स्वतः पुरवते, पाण्याने विझत नाही.

व्हिनेगरसारखा वास म्हणजे अॅसिटेट (सेफ्टी) फिल्म कुजतेय. तो डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवा, कारण त्या वाफेने शेजारचे डबेही नासतात. तपकिरी भुकटी, मधासारखे चिकट फोड आणि नाकाला झोंबणारा वास असेल तर ती नायट्रेट आहे, आणि अवस्था गंभीर. असे डबे पोटमाळ्यावर, गच्चीच्या पत्र्याखाली किंवा स्वयंपाकघराशेजारी नकोत. प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीलही करू नका. वाफ बाहेर जायला हवी.

आकसलीय का, हे पट्टीने कळतं. १६ मिमीची लागोपाठ १०० फ्रेम न ताणता मोजा : नवी असताना ७६२ मिमी. ७५४ भरली तर एक टक्का आकसली, आणि अशी फिल्म साध्या प्रोजेक्टरमध्ये घातली की भोकं फाटत जातात. ३५ मिमी प्रिंटची १०० भोकं ४७५ मिमीच्या जवळपास यायला हवीत. पुढचं काम पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाचं. डब्यांचे आणि कडेच्या अक्षरांचे फोटो काढून आधी त्यांना पाठवा. नायट्रेटची शंका असेल तर डबे लोकलने, एसटीने किंवा कुरिअरने परस्पर नेऊ नका. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातलं आपलं बरंच काही नष्ट झालंय, त्यामुळे अर्धं रीळ जरी निघालं तरी त्याला किंमत आहे.

प्रश्न : गणपतीत सोसायटीच्या पटांगणात १९४०ची सिरीयल पडद्यावर दाखवली तर हक्काची भानगड येईल का? — सोसायटीचे सेक्रेटरी, डोंबिवली

उत्तर : भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं. १९४०च्या चित्रपटाचा केव्हाच संपला. मात्र कुणी नव्याने संगीत किंवा सबटायटल घातलेली आवृत्ती वेगळी. जुनी, साधीच घ्या. फलकावर पात्राचं बोधचिन्ह छापून वर्गणी गोळा करू नका, ट्रेडमार्क अजून जिवंत असतात. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, जादा वेळेची सूट असलेले दिवस सोडून. आणि १९४३ची ‘बॅटमॅन’ निवडणार असाल तर आधी एकट्याने पाहा. युद्धकाळातली आहे, जपानी लोकांबद्दल तोंडाला येईल ते बोललंय. पोरांसमोर लावण्यासारखी नाही.

प्रश्न : ‘ग्रीन हॉर्नेट’चा साथीदार केटो जपानी की फिलिपिनो? — एक वाचक, ठाणे

उत्तर : रेडिओवर आधी जपानी, मग फिलिपिनो, १९४०च्या सिरीयलमध्ये कोरियन. पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी बदलला ही गोष्ट रंजक आहे, पण बदल त्याआधीच झाला होता. तिन्ही देशांचा असूनही सिरीयलमध्ये काम केलं चिनी वंशाच्या की लूक यांनी.

प्रश्न : इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाची सिरीयल होती म्हणे. बघण्यासारखी आहे का? — एक वाचक, माहीम

उत्तर : आहे. ‘द फँटम’, कोलंबिया, १९४३, १५ भाग. वेताळ झालाय टॉम टायलर, जो दोन वर्षं आधी रिपब्लिकचा कॅप्टन मार्व्हल होता. इंद्रजाल मुंबईहून निघायला लागलं ते मार्च १९६४ मध्ये, म्हणजे सिरीयल त्याच्या एकवीस वर्षं आधीची. कॉमिक्समधले रंग विसरा, इथे सगळं कृष्णधवल. पण पोशाख अंगाला बसलेला आहे, आणि लांबसडक, हाडापेराने मजबूत टायलर खरोखर चित्रातून उठून आल्यासारखा दिसतो. गोडफ्रे प्रेस्कॉट हे नाव ऐकून गोंधळू नका, सिरीयलमध्ये वेताळाचं खरं नाव तेच ठेवलंय.